हळू आवाजाच्या गिटारला कोणता माईक?



स्नेहसंमेलनाचे दिवस आले की शाळेच्या मैदानावर मांडव पडतो. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरचे मोठमोठे खोके चढतात आणि दुपारपासूनच "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" सुरू होतं. संध्याकाळी नाच होतात, नाटुकली होते, टाळ्यांनी मैदान दुमदुमतं. मग सूत्रसंचालन करणारी ताई सांगते, "आता आठवीतला एक विद्यार्थी गिटार वाजवणार आहे." मुलगा खुर्चीवर बसतो, बोटं तारांवर फिरू लागतात, आणि तिसऱ्या रांगेपलीकडे काही म्हणजे काही ऐकू येत नाही! माईकवाले काका धावत येतात. भाषणाचा माईक गिटारसमोर आणून ठेवतात, आवाज वाढवतात, आणि लगेच "कुंईऽऽऽ!" सगळ्यांचे हात कानांवर. तो बिचारा घाबरून तारा जोरजोरात ओढायला लागतो आणि महिनाभर बसवलेली धून पार विस्कटून जाते.

सांगा बरं, यात चूक कोणाची? मुलाची नाही. काकांची म्हणावी, तर त्यांनाही बिचाऱ्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं. खरी गोष्ट अशी की हळू आवाजाच्या वाद्याला माईक लावणं ही एक वेगळीच विद्या आहे. ती फारशी अवघड नाही आणि फार खर्चाचीही नाही. चला, आज तीच शिकू या.

हे वाद्य इतकं हळू का?

सिनेमात दिसते ती इलेक्ट्रिक गिटार वेगळी आणि आपण बोलतोय ती क्लासिकल गिटार वेगळी. हिला सहा तारा असतात. बारीक तीन नुसत्या नायलॉनच्या. जाड तीन तारांच्या पोटात नायलॉनचे रेशमासारखे धागे असतात आणि त्यांवर धातूची अगदी बारीक तार गुंडाळलेली असते. ही गिटार बोटांनी, नखांनी छेडतात. तिला आजचं रूप दिलं स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने. हा १८१७ ते १८९२ या काळात होऊन गेला. त्या वेळी तारा नायलॉनच्या नव्हत्या, जनावरांच्या आतड्याच्या तातीच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती तात मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा तयार केल्या. प्रसिद्ध वादक आंद्रेस सेगोव्हिया याने त्याला प्रोत्साहन दिलं आणि १९४७ च्या सुमारास त्या तारा बाजारात आल्या.

नायलॉनची तार पोलादी तारेपेक्षा कमी ताणलेली असते. तिचा आवाज गोल, मऊ आणि हळू. घरातल्या खोलीत तो कानाला गोड लागतो, पण मैदानात विरून जातो.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या मुलांना हे समजायला गिटारच पाहायला हवी असं नाही. गावात सप्ताह बसतो तेव्हा वीणेकरी पाहिलाय ना? सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारेकरी बदलतात, पण वीणा सात दिवस एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहते. पहाटे सगळं शांत असताना ती किती छान ऐकू येते! आणि रात्री कीर्तनाला टाळ-मृदंग सुरू झाले की? वीणेकऱ्याची बोटं दिसतात, सूर मात्र दिसेनासा होतो. जांबसमर्थला रामनवमीच्या गर्दीत गेलात तर मुद्दाम कान देऊन पाहा. वीणा तीच, तारा त्याच. बदललं काय? भोवतीचा आवाज. गिटारचं दुखणं अगदी हेच आहे.

पहिला माईक म्हणजे जागा

मुंबईला नरिमन पॉइंटला एनसीपीए नावाची संस्था आहे. तिथलं टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुविशारदाने ते उभारलं आणि आवाजाची बाजू सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाने सांभाळली. सुमारे हजार माणसं बसतात, तरी गवयाचा आणि सतारीचा आवाज माईकशिवाय सगळ्यांना ऐकू जावा अशी त्याची रचना केलेली आहे. भिंती, छत, खुर्च्यांच्या रांगा असं सगळं आवाजाचा विचार करून. म्हणजे तिथे अख्खी इमारतच माईकचं काम करते.

आपल्याकडे काय असतं? मोकळं मैदान, नाहीतर पत्र्याची शेड. बाजूला रस्ता, रस्त्यावर ट्रॅक्टर. लाइट गेली की जनरेटरची घरघर. मैदानात आवाजाला परत फिरवणारी भिंतच नसते, म्हणून तो पुढे पुढे जातो आणि विरतो. पत्र्याखाली उलटं होतं. आवाज इतका आपटतो की सगळा कालवा होतो.

म्हणून "कोणता माईक?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "वाजवायचं कुठे?" वर्गाएवढ्या खोलीत पन्नास मुलं शांत बसली असतील तर माईक लागतच नाही! सेगोव्हिया मोठमोठ्या सभागृहांत माईकशिवाय वाजवायचा. जॉन वि‍ल्यम्स या त्याच्यानंतरच्या नामांकित वादकाने मात्र माईक आनंदाने वापरला. स्पेनच्या होआकिन रोद्रिगोने १९३९ मध्ये गिटार आणि मोठा वाद्यवृंद यांच्यासाठी 'कॉन्सिएर्तो दे आरान्हुएस' ही रचना केली. एवढ्या व्हायोलिन-तुताऱ्यांसमोर एकटी गिटार! ती ऐकू यावी म्हणून आज पुष्कळ ठिकाणी तिला माईक लावतात. थोडक्यात काय, माईक लावण्यात कमीपणा नाही आणि न लावण्यात मोठेपणा नाही. जागेला काय हवं ते पाहायचं.

माईकचे तीन भाऊ

माईक म्हणजे विजेचा कान. आवाज म्हणजे हवेची थरथर. त्या थरथरीची वीज करायची, एवढंच माईकचं काम. पण ते काम तीन भाऊ तीन तऱ्हांनी करतात.

थोरला भाऊ, डायनॅमिक माईक. याच्या आत एक पातळ पडदा असतो. पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोसारखंच की हे! स्पीकरमध्ये याच्या बरोबर उलट होतं. भाषणाला, कीर्तनाला असतो तो बहुतेक वेळा हाच माईक. शुअर कंपनीचे 'एसएम ५७' (१९६५) आणि 'एसएम ५८' (१९६६) हे याच घराण्यातले, जगभर वापरले जाणारे. हा भाऊ धट्टाकट्टा. पडला, धूळ लागली, ऊन लागलं तरी कुरकुर करत नाही. पण कान जरा जाड. लांबचं आणि बारीक त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलावं लागतं.

मधला भाऊ, कंडेन्सर माईक. १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंट या शास्त्रज्ञाने तो तयार केला. यात एक अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे धातूची चकती असते. दोघांमधलं अंतर आवाजाने कमीजास्त होतं आणि त्यातून विजेचा इशारा तयार होतो. याचा कान फार तिखट. नखाचा तारेला झालेला स्पर्शसुद्धा त्याला ऐकू येतो. पण तोच कान पंख्याची घरघर आणि पहिल्या रांगेतलं खोकणंही तितक्याच आवडीने ऐकतो! शिवाय याला वीज लागते. मिक्सरमधून माईकच्याच वायरीतून ४८ व्होल्ट पाठवतात. त्याला 'फँटम पॉवर' म्हणतात. याच माईकचा एक छोटा, स्वस्त अवतार १९६२ मध्ये गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधला. त्याचं नाव इलेक्ट्रेट. जुन्या टेपरेकॉर्डरपासून आजच्या कॉलर माईकपर्यंत तो सगळीकडे पोचला.

धाकटा भाऊ, पिकअप. खरं तर हा माईकच नाही, कारण तो हवेचं ऐकतच नाही. तो गिटारला चिकटून बसतो आणि लाकडाची थरथर पकडतो. स्वयंपाकघरातला गॅस लायटर 'टक्' करून ठिणगी पाडतो ना? काही स्फटिकांवर दाब पडला की वीज तयार होते. ही गोष्ट फ्रान्सच्या पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिली. लायटरमध्ये तीच युक्ती आणि गिटारच्या घोडीखाली बसवलेल्या पिकअपमध्येही तीच! इलेक्ट्रिक गिटारमधला लोहचुंबकाचा पिकअप मात्र इथे चालत नाही. का बरं? कारण त्याला पोलादी तार लागते. नायलॉन चुंबकाला काय दाद देणार?

पिकअपचा फायदा म्हणजे शेजारी ढोलकी वाजो की जनरेटर, तो फक्त गिटारचं ऐकतो. तोटाही तिथेच आहे. गिटारचा गोलवा तारेतून, लाकडातून आणि पोटातल्या हवेतून मिळून बनतो. नुसती घोडीची थरथर पकडली की आवाज कोरडा, जरा पत्र्यासारखा येतो.

तर कळलं ना? तिघांतला एक चांगला आणि दोन वाईट असं नाही. ज्याच्या त्याच्या जागी तिघेही गुणी.

ती 'कुंईऽऽ' येते कुठून?

गिटारचा आवाज माईकमध्ये जातो, तिथून स्पीकरमध्ये, आणि स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो. तो मोठा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला तर? पुन्हा स्पीकर, पुन्हा माईक. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच असे फेरे होतात आणि शिट्टी सुरू होते. याला फीडबॅक म्हणतात. आवाज हळू म्हणून माईक वाढवायचा आणि माईक वाढवला की शिट्टी. गिटारची खरी अडचण ती हीच.

यावर उपाय दोन. पहिला, माईक जवळ आणा. अंतर निम्मं केलं की माईकपर्यंत पोचणारा आवाजाचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. चार वितींवरचा माईक एका वितीवर आणला तर दाब चौपट! बटन न फिरवताच आवाज वाढला आणि शिट्टीचा धोका वाढला नाही. आहे की नाही गंमत?

दुसरा उपाय, माईकची पाठ ओळखा. बहुतेक स्टेजवरचे माईक समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतात. कोणत्या दिशेचं किती ऐकू येतं याचं चित्र काढलं तर ते पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं. एकाच पडद्याने हे साधणारा माईक बेंजामिन बाउअरने १९३९ मध्ये तयार केला. म्हणून स्पीकर नेहमी माईकच्या पाठीकडे हवा. मोठे स्पीकर वादकाच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. वादकाच्या मागे स्पीकर ठेवला की शिट्टीला आमंत्रणच.

कधी शिट्टीऐवजी "घूंऽऽ" असा घुमारा येतो. स्पीकरच्या आवाजाने गिटारचं पोटच थरथरू लागतं. अशा वेळी सगळा आवाज कमी करू नका. मिक्सरवरचं फक्त 'बेस'चं बटन थोडं खाली आणा.

माईक ठेवायचा कुठे?

गिटारच्या पोटाला गोल भोक असतं. पाहिलं की वाटतं, आवाज इथूनच येतो, माईक इथेच लावावा. फसू नका! तिथून पोटातल्या हवेचा घुमारा जास्त येतो आणि सूर चिखलात रुतल्यासारखे वाटतात. घोडीजवळ माईक नेला तर आवाज तीक्ष्ण आणि टोकदार. मग मधली जागा कोणती? गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, सतारीच्या पडद्यांसारख्या. क्लासिकल गिटारचा बारावा पडदा साधारण तिथे येतो, जिथे दांडी पोटाला मिळते. त्या जागेकडे माईकचं तोंड करा, अंतर एक वीत ते दीड वीत. बहुतेक वेळा इथे गोलवाही मिळतो आणि स्पष्टपणाही.

करून पाहा

१) मित्राला गिटार वाजवायला सांगा. एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा कान गिटारपुढे हळूहळू फिरवा. भोकासमोर, बाराव्या पडद्यासमोर, घोडीसमोर. जिथे सगळ्यात छान वाटेल ती माईकची जागा.

२) आईबाबांचा मोबाइल मागून घ्या. तिन्ही जागी एकेक वीत अंतरावर ठेवून तीच धून तीनदा रेकॉर्ड करा आणि लागोपाठ ऐका. आवाज लहानमोठा आहे का ते पाहू नका, कारण मोबाइल तो आपोआप सारखा करतो. आवाजाचा रंग कसा बदलला तेवढं ऐका.

३) गिटार नाही? रिकाम्या कंपासपेटीला रबरबँड ताणून लावा आणि छेडा. झाकण उघडं ठेवून आणि मिटून, दोन्ही तऱ्हांनी ऐका. पोटातली हवा काय करते ते कळेल.

मग निवड कशी करायची?

बंद सभागृह, शांत प्रेक्षक आणि एकटी गिटार असेल तर कंडेन्सर माईक दीड वितीवर. गिटारचं सगळं सौंदर्य तो लोकांपर्यंत नेईल.

शाळेचं मैदान आणि एकटी गिटार असेल तर साधा डायनॅमिक माईक, एका वितीवर किंवा त्याहून थोडा जवळ. खूप जवळ नेला की हा माईक आवाज घुमवतो, म्हणून बेस जरा कमी. गिटारला चिमट्याने लावायचा छोटा माईक मिळाला तर तोही चालेल. वादक हलला तरी अंतर बदलत नाही, हा त्याचा फायदा.

सोबत ढोलकी, तबला, पेटी असेल तर पिकअप. एवढ्या गलक्यात कंडेन्सर ठेवला तर तो गिटारपेक्षा ढोलकीच जास्त ऐकवेल! जमलं तर पिकअपसोबत एक माईकही लावा आणि त्याचा आवाज थोडासाच मिसळा. भाकरी पिकअपची आणि वरचं लोणी माईकचं!

कार्यक्रमाआधी दहा मिनिटं माईकवाल्या काकांकडे जा आणि नीट विनंती करा. "काका, माझं वाद्य हळू आहे. आधी एकदा वाजवून पाहू का?" गिटार सुरात लावा. माईक जागेवर ठेवा. मग काकांना आवाज हळूहळू चढवायला सांगा. शिट्टीची चाहूल लागली की तिथून थोडं खाली यायचं आणि थांबायचं. खुर्चीचे पाय आणि माईकच्या स्टँडचा पाय जमिनीवर खडूने आखून ठेवा. नाच संपल्यावर घाईघाईत सगळं पुन्हा मांडताना हाच खडू उपयोगी पडतो. आणि महत्त्वाचं म्हणजे आवाज कमी वाटला तरी तारा ओढू नका. घरी जसं वाजवता तसंच वाजवा. मोठं करायचं काम माईकचं, गोड वाजवायचं काम तुमचं.

आईबाबांसाठी आणि बाईंसाठी

मुलाने माईक मागितला की लगेच दुकानात धावू नका. घरच्या रियाजाला माईक लागत नाही. आधी जुन्या तारा बदला. मेलेल्या तारांना कोणताही माईक जिवंत करू शकत नाही. मग घ्यायचीच असेल तर पहिली वस्तू म्हणजे छोटा, वाकवता येणारा स्टँड. शाळेत असलेला साधा माईक योग्य जागी ठेवला तर तो चुकीच्या जागी ठेवलेल्या महागड्या माईकपेक्षा चांगलं काम करतो. पुढे मूल खरोखर मंचावर वाजवू लागलं की मग आतच पिकअप बसवलेल्या गिटारचा विचार करा. तिच्यात बॅटरी असते, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी एक जादा बॅटरी खिशात असू द्या.

आणि बाईंना, सरांना एक विनंती. कार्यक्रमपत्रिका करताना गिटार, सतार, बासरी किंवा एखाद्या बारीक आवाजाच्या मुलीचं गाणं धडाकेबाज नाचाच्या लगेच नंतर ठेवू नका. मोठा आवाज ऐकल्यावर आपले कान काही वेळ मंद झालेले असतात. तेव्हा हळू सूर आणखीच हळू वाटतो. मध्ये पाच मिनिटांचं निवेदन किंवा बक्षीसवाटप ठेवलं तरी खूप फरक पडतो. दरवर्षी जोरकस मुलंच पुढे येतात आणि हळू वाजवणारी, हळू गाणारी मुलं "माझं कुणाला ऐकूच येत नाही" म्हणून मागे सरतात. ती मागे सरू नयेत म्हणून फार काही लागत नाही. एक वीत अंतर, दहा मिनिटांची तयारी आणि पत्रिकेत बरोबर जागा, बस्स.

तर दोस्तांनो, यंदाच्या संमेलनात किंवा गावच्या सप्ताहात एक काम करा. स्टेजजवळ जा आणि पाहा, माईकची पाठ कुठे आहे? स्पीकर कुठे आहेत? ज्या वाद्याचा आवाज सगळ्यांत हळू आहे, त्याच्यापासून माईक किती वितींवर आहे? वहीत छोटंसं चित्र काढा आणि विज्ञानाच्या बाईंना दाखवा. कोण जाणे, पुढच्या वर्षी माईकवाले काका तुम्हालाच हाक मारतील, "ये रे बाळा, जरा सांग बरं, हा कुठे ठेवू?"